पाणी कुठवर आलं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



नाशिकच्या माणसाला गोदावरीचा पूर फुटांत सांगितला तर तो त्याला नीट कळत नाही. त्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं, की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की गळ्यापर्यंत? रामकुंडाजवळ पात्रात उभा असलेला हा मारुती म्हणजे आमची पूरपट्टी. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे आता मोबाइलवर घरबसल्या कळतं. तरीही माणसं छत्र्या घेऊन अहिल्यादेवी होळकर पुलावर, म्हणजे जुन्या माणसांच्या व्हिक्टोरिया पुलावर जातात, आणि कठड्याला रेलून मारुतीकडे बघत राहतात.

माझ्या लहानपणी आमच्या जुन्या नाशकातल्या घरी वर्षातून दोन-तीनदा कराचीहून पत्र यायचं. माझ्या खालाचं, म्हणजे मावशीचं. पत्र उर्दूत असे. सलाम, दुवा, कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं. पण पावसाळ्यानंतरच्या पत्रात शेवटची एक ओळ हमखास मराठीत असे. लिपी उर्दू, भाषा मराठी. "पाणी कुठवर आलं?" अम्मी ती ओळ वाचून हसायची आणि मग पदर तोंडाला लावून आत जायची.

खालाचं लग्न १९५७ साली झालं. मुलगा नात्यातला, पण त्याचं घर फाळणीनंतर कराचीला गेलेलं. आम्ही बागवान. आमच्या नानांचा मंडईत पेरू-अंजिरांचा गाळा होता. त्यांनी मुलगी कराचीला दिली याचं आज नवल वाटेल, पण त्या पिढीला ते गाव परकं नव्हतं. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाचं हायस्कूल कराचीत आहे, ते १८५५ सालचं. तिथल्या मराठी हिंदू घरांत गणपती बसायचे आणि अजूनही बसतात. पासपोर्ट-व्हिसाची भानगड १९५२ पासून सुरू झाली होती हे खरं, पण रेल्वे होती. जोधपूर, बाडमेर, मुनाबाव हे आपल्याकडचं शेवटचं स्टेशन. मग खोखरापार, मीरपूर खास, हैदराबाद आणि कराची. खाला या लाइनीने सासरी गेली. १९६२ साली थोरली मुलगी कडेवर घेऊन ती याच लाइनीने माहेरी आली आणि पावसाळाभर राहिली. पूर बघायला दोघी बहिणी पुलावर जायच्या. परतताना नानांना म्हणाली, दोन वर्षांनी येते.

सप्टेंबर १९६५ मध्ये युद्ध झालं आणि ती गाडी बंद पडली.

पुढे १९७१ चं युद्ध. मग टपालही बंद. १९७४ साली टपाल पुन्हा सुरू झालं तेव्हा आलेल्या पहिल्या पत्रात खालाने तीन-चार पावसाळ्यांचा हिशेब एकदम मागितला होता, असं अम्मी सांगायची. १९७६ मध्ये अटारीवरून समझौता एक्सप्रेस निघाली, पण आम्हाला ती सोयीची नव्हती. नाशिकहून दिल्ली, दिल्लीहून अमृतसर, अटारी, लाहोर, आणि तिथून पुन्हा हजार-बाराशे किलोमीटर खाली कराची. म्हणजे शेजारच्या घरी जायला गावाला वळसा. फळविक्याच्या घराला तो वळसा परवडला नाही. नाना गेले, नानी गेली. खाला आली नाही.

श्रोतेहो, यापुढची गोष्ट मी फार वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

अब्बांनी घरात एक नियम घातला होता. कराचीची पत्रं तांदळाच्या डब्यात ठेवायची आणि बाहेर त्यांचा उल्लेख करायचा नाही. त्यांना कुणी धमकावलं होतं असं नाही. त्यांची आपली एक समजूत होती, की गरीब माणसाने आपल्या अंगाला कुसळ लागेल असं कुंपण ओलांडू नये. मी मराठी घेऊन बी. ए. झालो, कविता लिहू लागलो, छापून येऊ लागल्या. गोदावरीवर लिहिलं, मंडईवर लिहिलं, पेरूंच्या पाट्यांवर लिहिलं. खालावर एक ओळ लिहिली नाही. १९९९ साली, कारगिलचे दिवस होते, एका कविसंमेलनात कविता वाचून खाली उतरलो. एका सद्गृहस्थांनी कौतुकाने विचारलं, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" याची मला सवय आहे. मी म्हटलं, "शाळेत शिकवतात." आजूबाजूचे हसले. मग त्यांनी सहजच विचारलं, "तिकडे कुणी नातेवाईक आहेत का?" मी म्हटलं, "नाही, कुणी नाही."

ज्या बाईने बेचाळीस वर्षं माझ्या गावच्या नदीची चौकशी केली, तिला मी भर मांडवात नाही म्हणून टाकलं. रात्री घरी आल्यावर अम्मीने विचारलं, कविता कशी झाली? मी म्हटलं, चांगली झाली.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी मुनाबाव-खोखरापारची लाइन चाळीस वर्षं पाच महिन्यांनी पुन्हा सुरू झाली. दोन्हीकडची जुनी मीटर गेज उखडून ब्रॉडगेज टाकलेली, पलीकडे सीमेवर झीरो पॉइंट नावाचं नवं स्टेशन उभं केलेलं. पाकिस्तानातून येणाऱ्या गाडीचं नाव थर एक्सप्रेस. टीव्हीवर हार घातलेलं इंजिन दाखवत होते. अम्मी स्वयंपाक सोडून बाहेर येऊन बसली आणि बातमी संपली तरी उठेना.

त्या सुमारास आमच्या बोळातल्या भावसार मावशी वर्तमानपत्राची घडी घेऊन आमच्याकडे आल्या. भावसार समाजाचं कुलदैवत हिंगलाज माता, आणि तिचं मूळ ठाणं बलुचिस्तानात हिंगोल नदीच्या काठी. जानेवारीच्या अखेरीस जसवंत सिंह एक यात्रेकरू जथा घेऊन याच मुनाबावच्या वाटेने हिंगलाजला गेले होते, त्याची बातमी त्यांनी जपून ठेवली होती. तिकडचे मुसलमान त्या ठाण्याला 'नानी' म्हणतात, यात्रेला 'नानी की हज' म्हणतात, हे मला भावसार मावशींकडूनच कळलं. "तुम्ही जाणार असाल तर तिकडे नमस्कार सांगा," त्या अम्मीला म्हणाल्या. जणू अम्मीचं रिझर्वेशन झालंच होतं.

प्रत्यक्ष जायला दोन वर्षं लागली. कराचीतली भारतीय वकिलात १९९४ मध्येच बंद झाली होती, मुंबईत पाकिस्तानची नव्हती. त्यामुळे कागदांसाठी दिल्ली. कागद पुरे झाले ते एप्रिल २००८ मध्ये. निघण्याआधी देवळाली कॅम्पातून दादी आल्या. या दादी सिंधी. सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण, आणि आमच्याकडे आजी. या एका शब्दापायी आमच्या घरात पहिली काही वर्षं बराच घोटाळा झाला होता. अब्बा देवळाली कॅम्पात फळांची गाडी लावत तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती देवळालीत झाली, त्यांतलं त्यांचं घर. हैदराबाद सिंध सोडलं तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. त्यांनी फडक्यात बांधलेले थोडे तांदूळ आणि साखर आणली होती. त्याला ते 'अखो' म्हणतात, झुलेलालला मानणारी माणसं तो पाण्याला वाहतात. "कोटरीच्या पुलावरून गाडी जाईल तेव्हा एवढं सिंधूत टाका. खिडकीतूनच टाका, उतरायचं नाही," असं त्यांनी मला बजावलं.

जोधपूरच्या भगत की कोठी स्टेशनावरून मध्यरात्री गाडी निघाली. डब्यात कुणी झोपत नव्हतं. प्रत्येकाच्या सामानात पानांच्या टोपल्या, कारण कराचीत हिंदुस्थानी पानाला मोल. सकाळी मुनाबावला उतरलो तर भोवती वाळू, तारांचं कुंपण आणि एक नवंकोरं स्टेशन. तपासणीला अर्धा दिवस गेला. अम्मीच्या पिशवीत नाशिकचा चिवडा, तांबट आळीतला एक तांब्या आणि एक बाटली होती. तपासनिसाने बाटली उचलली.

"यात काय?"

"पाणी."

"कसलं?"

"नदीचं. बहिणीला पाहिजे."

तो राजस्थानी तरुण होता. त्याने बाटली उजेडात धरून बघितली आणि झाकण पुन्हा घट्ट बसवून दिलं. झीरो पॉइंटवर पलीकडच्या तपासनिसाने तीच बाटली उघडून हुंगली, अम्मीकडे पाहिलं आणि तसंच केलं. दोन देशांनी मिळून एवढं एक झाकण नीट लावल्याचं मी पाहिलं आहे.

हैदराबाद गेलं तेव्हा रात्र होती. मी खिडकीच्या गजांना चिकटून बसलो होतो. पुलाचा आवाज बदलला तसा मी हात बाहेर काढला. पाणी दिसलं नाही. तांदूळ वाऱ्याने थोडे माझ्याच तोंडावर आले, बाकीचे खाली गेले असावेत. परत आल्यावर दादींना मी सगळे गेले असं सांगितलं. हे खोटं मात्र मला बोचत नाही.

कराची कँट स्टेशनावर अम्मी खालाच्या शेजारून पुढे निघून गेली. सेहेचाळीस वर्षं झाली होती; ती शोधत होती पंचविशीतली बहीण, आणि समोर चष्मा लावलेली, काठी टेकणारी बाई. मागून हाक आली, "मुन्नी, थांब की!" मराठीत. हमाल, पोलीस, गर्दी, आणि त्यात ते 'थांब की'. पुढचं मी सांगत नाही, आपण समजून घ्याल.

खालाचं घर रणछोड लाइनमध्ये. तिचं मराठी म्हणजे १९५७ साली बरणीत घालून ठेवलेलं लोणचं. नगरपालिकेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली; तेव्हाचे शब्द जसेच्या तसे. मुलांना येत नाही, सुनांना येत नाही, मग बोलायची कुणाशी? "न्हाणीघरात बोलते," म्हणाली. गोदेच्या बाटलीतलं पाणी तिने तांब्यात ओतलं आणि तांब्या रात्रभर उशाशी ठेवला. सकाळी अंगणातल्या मोगऱ्याला घातलं. मला वाटलं होतं, ती जपून ठेवील. ती म्हणाली, "पाणी कुठं जपून ठेवतात का?"

आमचा व्हिसा कराचीपुरताच, त्यामुळे हिंगलाजला जाणं शक्य नव्हतं. पण एप्रिलमध्ये तिथली यात्रा असते. खालाच्या मुलाच्या कारखान्यात थरचे हिंदू कामगार होते, त्यांतल्या एकाने नानीच्या यात्रेहून नारळ आणून दिला. तो पुढे भावसार मावशींच्या देव्हाऱ्यात पोचला. त्यांनी तो फोडला नाही.

निघायच्या आदल्या रात्री अम्मी झोपल्यावर मी खालाला ती १९९९ ची गोष्ट सांगितली. अंगणात बाजेवर बसलो होतो. सांगताना माझी मान खाली होती. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, मी तरी कुठं सांगते? एकाहत्तरला ह्यांच्या ऑफिसातून माणसं विचारायला आली. हिंदुस्थानात कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही. सगळे मेले म्हटलं." थोडं थांबून म्हणाली, "तुझ्या अम्मीला सांगू नको."

मी अम्मीला सांगितलं नाही. अम्मी २०१४ साली गेली. आज पहिल्यांदा मोठ्याने सांगतोय.

परत आल्यावर नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला आणि व्हिसाचं सगळंच अवघड होऊन बसलं. पण १८ फेब्रुवारी २००९ रोजी दादी, भावसार मावशी आणि अम्मी अशा तिघींनी आमच्या घरी एक दुपार ठरवली. कारण काय, तर 'गाडीचा वाढदिवस'. शब्द दादींचा. त्यांनी सिंधी कोकी आणली, भावसार मावशींनी पुरणपोळ्या, अम्मीने शिरखुर्मा केला. दादींनी शाह अब्दुल लतीफ यांची पदं म्हटली, भावसार मावशींनी देवीची आरती. मी एक कविता वाचली. खालावरची, तिच्या नावासकट. तेव्हा खोलीत अकरा माणसं होती, मी मोजली होती.

दरवर्षी माणसं वाढत गेली. कुणाचं मूळ सिंधमधलं, कुणाची बहीण मालेगावहून तिकडे दिलेली, कुणाला नुसतीच कविता ऐकायची. घर पुरेना म्हणून एक छोटा हॉल घेऊ लागलो. नियम एकच, भाषण करायचं नाही. सीमेपलीकडून आलेली एखादी वस्तू, पत्र किंवा पदार्थ आणायचा आणि त्याबद्दल सांगायचं. एका वर्षी उत्साही मंडळींनी कबुतराचं चित्र असलेला फ्लेक्स लावला. मला ते कबुतर काही आवडलं नाही. त्यापेक्षा एका आजींनी आणलेली कराचीची लोखंडी अडकित्ता बरी. तिच्या आईने निघताना घर सोडून हीच एक वस्तू का उचलली, याचा उलगडा त्यांना सत्तर वर्षांत झाला नव्हता.

मग २०१९ आलं. १४ फेब्रुवारीला पुलवामा. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोन जवान त्यात गेले. आमचा कार्यक्रम चार दिवसांवर. दादींचा फोन आला, "यंदा नको." मीही तेच म्हणणार होतो. २७ तारखेला बडगामला हेलिकॉप्टर कोसळलं आणि नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे गेले. अंत्यसंस्कार गोदेच्या काठी झाले. मी गर्दीत मागे उभा होतो. त्या दिवशी माझा अठरा फेब्रुवारी मला फार लहान वाटला, आणि ते तसं वाटणं बरोबरच होतं. त्या घरातल्या माणसांपुढे उभं राहून मला आमच्या शिरखुर्म्याबद्दल बोलता आलं नसतं. अजूनही येणार नाही.

त्याच वर्षी ४ ऑगस्टला गोदेला मोठा पूर आला. मारुती पाण्यात गेला. मी पुलाजवळून मोबाइलवर चित्रण करून कराचीला पाठवलं. खाला तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती; नातवंडांना गोळा करून तिने ते दहा वेळा बघितलं म्हणे. आणि पुढे पाचच दिवसांनी, ९ ऑगस्टला पाकिस्तानने थर एक्सप्रेस बंद करत असल्याचं जाहीर केलं. १६ ऑगस्टला आपल्या बाजूनेही गाडी रद्द झाली. साडेतेरा वर्षं चालली.

२०२० च्या फेब्रुवारीत प्रश्न उभा राहिला, आता काय? आमच्यातल्या एका तरुणाने सरळ विचारलं, "काका, बंद पडलेल्या दुकानाचा वर्धापनदिन कोण करतं?" त्याचं म्हणणं मला खोडता येईना. हंगेरीत शोप्रोन गावाजवळ १९ ऑगस्ट १९८९ रोजी लोकांनी ऑस्ट्रियाच्या सीमेवर सहल भरवली, काही तासांसाठी फाटक उघडलं आणि पूर्व जर्मनीची शेकडो माणसं पलीकडे गेली. तीनच महिन्यांत बर्लिनची भिंत कोसळली. तिथे त्या सहलीची आठवण साजरी करतात. का नाही करणार? त्यांचं दार उघडलं ते उघडंच राहिलं. आपल्याकडे अटारी-वाघ्याला १४ ऑगस्टच्या रात्री मेणबत्त्या लावायची प्रथा कुलदीप नय्यर यांनी पाडली, पण तिथलं फाटक नंतरही संध्याकाळ झाली की आपटून बंद होतच राहिलं. आमच्या तारखेला तर वाढदिवस म्हणावं की श्राद्ध, हेच कळेना.

भावसार मावशी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात हिंगलाज पाहिलेलं माणूस मला तरी माहीत नाही. माझ्या सासूने पाहिली नव्हती, तिच्या सासूने पाहिली नव्हती. नवरात्र दरवर्षी बसतंच की." तो तरुण काही बोलला नाही. त्या वर्षी हॉल घेतला नाही, पुन्हा घरी बसलो. चौदा माणसं होती.

खाला २०२१ च्या हिवाळ्यात गेली. बातमी मोबाइलवर आली, पहाटे. अब्बांचा नियम आठवून मी तासभर नुसता बसून राहिलो. मग उठून दार उघडलं आणि बोळात पहिल्या दिसलेल्या माणसाला सांगितलं, "माझी खाला वारली. कराचीला." दुपारपर्यंत घर भरलं. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. डबा भावसार मावशींकडून आला.

२०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीचा रस्ताही बंद केला गेला. अशा वेळी मी हे सगळं रेडिओवर का सांगतोय, असं आपल्याला वाटेल. मला घरच्यांनीही तेच विचारलं.

खालाची थोरली मुलगी, १९६२ साली कडेवर बसून नाशिकला आलेली, आता साठी ओलांडलेली आहे. तिला मराठी येत नाही. एका पावसाळ्यात मोबाइलवर तिचा आवाज आला. उर्दूत सलाम, सगळ्यांची खुशाली. मग थोडं थांबून, पाठ केलेला धडा म्हणावा तसं एकेक अक्षर सुटं करत, "पाणी कुठवर आलं?"

मी चपला घातल्या आणि पुलावर गेलो. पाणी मारुतीच्या गुडघ्यांच्या वर होतं, कमरेला लागायचं होतं. तसं कळवलं.